धीरपोथीचा आवाज

हेमलता भंगाळे यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी नापास केलं, आणि तेही एका पुस्तकानं.

हेमलताबाई भुसावळच्या शाळेत मराठी शिकवत. वक्तृत्व स्पर्धांच्या ढालींनी शाळेचं काचेचं कपाट त्यांनीच भरून टाकलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर माइकसमोर अडखळलं, असं जिल्ह्यात कुणी ऐकलं नव्हतं. परीक्षा होती एक उतारा वाचण्याची, उपचाराच्या पोथीला आवाज कुणाचा द्यायचा ते ठरवायला. उतारा तरी कसला, तर माठात पाणी गार कसं राहतं याचा. बाईंनी तो असा वाचला की माठालाही गहिवरून यावं. पलीकडच्या खोलीत त्यांची मुलगी ऋजुता डोळे मिटून, मनगटाला पट्टी बांधून ऐकत होती. तिच्या मांडीवरची धीरपोथी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच आपोआप मिटली.

मग बाईंची धाकटी जाऊ कांचन वाचायला बसली. ती चष्मा घरीच विसरून आली होती.

"अवो, हे अक्षर केवढं बारीक," ती उताऱ्याआधीच म्हणाली. "माठाचं काय लिहिलंय? आमचा माठ तर पार झिरपून गेला. नवा घ्यावा म्हणते, तर तो कुंभार बापा असा भाव सांगतो, जसं काही माठाबरोबर विहीरच देणार हाय."

उतारा तसाच राहिला. पण पोथी उघडी राहिली. ऋजुताचे खांदे खाली आले, श्वास लांबला, आणि माठ-कुंभाराच्या मध्ये कुठेतरी तिला चक्क डुलकी लागली.

"म्हणजे आवाज कांचनताईंचा," परीक्षा घेणाऱ्या डॉ. रुखसाना तडवी म्हणाल्या.

"वाचलं कुठे तिनं?" हेमलताबाईंनी विचारलं. "तिनं तर उताऱ्याला हातसुद्धा लावला नाही."

"मॅडम, इथं वाचणारीला गुण नाहीत. ऐकणारीच्या नाडीला आहेत."

बाई हसल्या. स्पर्धेत बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं की त्या हसायच्या, तसंच.

ऋजुतावर काय गुजरलं होतं ते गावाला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी जळगावातल्या एका शिकवणीवर्गाच्या मालकानं तिच्यावर बलात्कार केला. मालक बड्या घरचा, ओळखी वरपर्यंत. अशा वेळी आया तोंडात पदर कोंबतात. हेमलताबाईंनी पदर खोचला. नवरा आधीच गेलेला. पोलीस ठाणं, इस्पितळ, वकिलाची खोली, कोर्ट, प्रत्येक ठिकाणी ऋजुताच्या खुर्चीशेजारी आईची खुर्ची. "सांग, बाळा. घाबरू नकोस. मी आहे ना." आरोपीला शिक्षा झाली. गावानं बाईंचा सत्कार केला, शाल दिली आणि सुटकेचा श्वास टाकला. फक्त ऋजुताला तो टाकता येईना. ती कडी लावून बसे. दारावर थाप पडली की हातातलं भांडं सुटे. मातीच्या अभ्यासाचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं होतं. अकोल्याच्या विद्यापीठानं तिची जागा राखून ठेवली होती, पण यंदाच्या जूनपर्यंतच. तोवर तिला घरातून निघता यायला हवं होतं. नाही जमलं, तर पुन्हा निघणं होणार नाही, हे तिला आणि आईला दोघींनाही, एकमेकींना न सांगता, ठाऊक होतं.

म्हणून वाचनघर. डॉ. तडवींचं वाचनघर म्हणजे स्टेशनापलीकडच्या गल्लीतली दोन खोल्यांची जागा. भिंतभर पुस्तकं, यातून गेलेल्या बायकांनी लिहिलेली, त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी लिहिलेली, काही नुसती ध्वनिमुद्रणं. तिथं नाव विचारत नसत. पुस्तकं उत्तम होती. पण जे पान एकीला बळ देई, तेच पान दुसरीला उचलून पुन्हा त्या बंद खोलीत नेऊन टाकी. समोरची बाई आज कुठवर येऊ शकते, हे बिचाऱ्या छापील पानाला कसं कळावं?

धीरपोथीला ते कळे. दिसायला जुन्या पोथीसारखी आडवी, पातळ पानांची. मनगटावरची पट्टी नाडी, घाम आणि श्वास मोजून तिला कळवी. अंग तयार असेल तरच पुढचं वाक्य उमटे. नसेल तर पोथी तिथंच थांबे, मागचं सोपं पान काढी, नाहीतर सरळ मिटे. सुरुवातीला दुसऱ्यांच्या गोष्टी, मग हळूहळू वाचणारीची स्वतःची, तिनं एकदा जशी सांगितली तशीच, तिच्याच शब्दांत.

"पण मिटायचं कशाला?" हेमलताबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "धीटपणे एकदा वाचून टाकलं की संपलं ना?"

"तुम्ही पापड करता ना, मॅडम?" डॉक्टर म्हणाल्या होत्या. "आठवण तशी असते. पडून असते तेव्हा वाळलेली, कडक. आपण ती नीट बाहेर काढली की काही तास ओली होते. मेंदूत ती अक्षरशः नव्यानं बांधली जाते. ओली असताना तिच्यावर जे उमटेल, ते घेऊनच ती परत वाळते. त्या तासांत भीती असली, तर भीती आणखी खोल छापली जाते. आणि त्या तासांत अंगाला खरोखर सुरक्षित वाटलं, तर आठवण राहते, पण तिचा डंख उतरतो. म्हणून पान उघडतानाच शेजारी असा आवाज लागतो, जो ऐकून अंग म्हणेल, इथं धोका नाही."

"मग यंत्रच बोलेल की गोड आवाजात."

"करून पाहिलं. चार दिवस चालतं. मग अंगाला कळतं की हा आवाज कधी गिळत नाही, खोकत नाही, चुकत नाही. माणूसच लागतं. प्रत्येक नव्या भागाला नव्यानं वाचणारं. ते वाचन मुद्रित करून पोथीत घालायचं."

तर असं ते माणूस कोण, याचा निकाल ऋजुताच्या नाडीनं लावला होता. आणि नाडीपुढे अपील नाही.

एरवी जावा-जावांचं ठीक होतं. दोन घरं, मध्ये एक भिंत, मागचं अंगण सामाईक. कांचनचा नवरा रेल्वेत. तिला मूलबाळ नाही, वाचनाची आवड नाही, आणि बोलण्याला खंड नाही. खटल्याच्या सगळ्या वर्षांत ती एकदाही कोर्टाची पायरी चढली नव्हती. "मले नही पाहवत," म्हणाली आणि भरताची वांगी भाजत बसली. ऋजुता कोर्टातून परत आली की मागच्या अंगणात जाऊन बसे, आणि काकू तिला काहीही न विचारता दुधाच्या ड्रोनची कागाळी सांगे. भुसावळात आता उन्हाळ्यात उन्हाच्या तडाख्यापायी दहा ते पाच रस्ते बंद असत, दूध उडत येई, आणि कांचन रोज सकाळी त्या चार पंखांच्या डब्याशी भांडे: "काल पानी घातलं व्हतं. तुझ्या मालकाला सांग. काय गुरगुरतो? खाली उतर अन् बोल."

म्हणजे हिशेब मांडायचा तर असा. रजा कुणी खर्ची घातल्या? हेमलताबाईंनी. उलटतपासणी ऐकताना पदराची गाठ कुणी चावून फाडली? हेमलताबाईंनी. आणि पोथीत आवाज कुणाचा? जी घरी बसून वांगी भाजत होती, तिचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो इतका ढळढळीत बाईंनी वर्गात उदाहरण देतानाही कधी पाहिला नव्हता.

आणि पोथी लागू पडत होती, हे तर आणखी वाईट. चैत्रात ऋजुतानं दुपारी कडी काढून ठेवली. मग एकदा एकटी जाऊन केस कापून आली. आईचं मन भरून आलं. जावेच्या पोटात दुखलं. एकाच बाईची ही दोन मनं, आणि दोन्ही खरी. बंद दाराआडून पोथीतला कांचनचा आवाज येई, "मग ती बाई उठली, अन् तिनं खिडकी उघडली... ही कडी आमच्यासारखीच दिसते," आणि मागोमाग ऋजुताचं बारीक हसू. बाई स्वयंपाकघरात भाताला अशी फोडणी देत की तेवढ्या तडतडीत ते ऐकू येऊ नये.

त्यात कांचननं शेजारच्या झोपेबाईंना सांगितलं, "पोरगी माह्याकडेच रमते." ते वाक्य अर्ध्या तासात भिंत ओलांडून बाईंकडे आलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. उष्णता झाली म्हणाल्या.

वैशाखात पोथीचा शेवटचा भाग आला. त्या दिवसाची पानं. ऋजुताचे स्वतःचे शब्द, आणि काकूनं ते वाचायला तिची संमती. कांचन पानं घेऊन घरी आली आणि तिचं बोलणं थांबलं. तिला आजवर तपशील माहीत नव्हता. संध्याकाळी ती जावेच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"ताई, मले नही जमत. जीभच वळत नही. मधीच काहीतरी चुकीचं बोलून जाईन अन् पोरीचं नुकसान करीन."

हेमलताबाईंच्या आतमध्ये काहीतरी उठून बसलं. त्याला दया म्हणता आलं असतं. बाईंनी म्हटलंही.

"बस. मी आहे ना. मी बसवून घेते तुझ्याकडून."

बसवून घेणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शाळेत भाषणं बसवली, आणि खटल्याच्या वेळी ऋजुताची साक्षही. वकील म्हणाले होते, घाबरून मुलगी गप्प बसली तर संपलं. तेव्हा बाईंनी याच खोलीत, याच पंख्याखाली, रोज तिला बसवलं होतं. इथं थांब. इथं श्वास घे. हे स्पष्ट म्हण, न्यायाधीशांना ऐकू जायला हवं. आताची पानं म्हणजे तीच वाक्यं. बाईंना ती पाठ होती.

"इथं घाई नको, कांचन. 'त्यानं दार लावलं.' आता थांब. आता पुढचं."

"थांबू कशाला? मी तर असं वाचत असते की तिनं लवकर त्या दारातून पार व्हावं."

"थांबल्याशिवाय परिणाम होत नाही. आणि मध्ये आपल्या कड्याकोयंड्याचं काही बोलायचं नाही. गंभीर आहे हे. आणि शेवटी प्रेमानं म्हण, 'बाळा.'"

"मी तिले बाळा कधीच म्हनत नही. रुजी म्हनते."

"या पानांना 'बाळा'च शोभतं."

कांचन धाकटी. थोरल्या जावेचा शब्द मोडायची सवय नाही, आणि समोर जिल्ह्यातली नावाजलेली बाई. तिनं चष्मा लावला आणि सांगितलं तसं वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा, मुद्रण सुरू करून, तर असं वाचलं की हेमलताबाईंनी डोळे मिटले. गळा कांचनचा होता. पण त्यातून बाई स्वतः बोलत होत्या. त्या रात्री कित्येक महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दुपारी ऋजुता पोथी घेऊन खोलीत गेली. रस्ते बंद, गल्ली चिडीचूप. बाई दाराबाहेर भाजी निवडत बसल्या होत्या. ऐकायला नव्हे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

आधी काही नाही. मग पोथी फटकन मिटल्याचा आवाज. मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही बाईंना पहिल्या वर्षापासून ओळखीचं होतं.

दार ढकललं तर ऋजुता पलंग आणि भिंतीच्या सापटीत शिरून बसलेली. डोळे उघडे, ओठ निळसर, मनगटावरची पट्टी लाल. बाईंच्या जिभेवर शब्द आले, चार वर्षांच्या सरावानं आपोआप. "घाबरू नकोस, बाळा, मी..."

ऋजुतानं कान झाकले.

बाई दारातच थिजल्या. त्यांना ढकलून कांचन आत आली, अंगणातून धावत, हात पिठाचे. ती ऋजुताजवळ गेली नाही. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला खाली बसली आणि बडबडू लागली. "रुजे, आज त्या डब्यानं काय केलं सांगू? दूध माह्याकडं टाकायचं तर झोपेबाईच्या कुत्र्यावर ओतलं. कुत्रं पांढरं झालं. ती बाई म्हनते, हे कुत्रं माहं नव्हेच..." असं किती वेळ. सावली खिडकीच्या गजांवरून सरकून जमिनीवर आली, तेव्हा ऋजुता म्हणाली, "पाणी."

पाणी कांचननं दिलं. बाई भाजीची परडी घेऊन तशाच उभ्या होत्या.

डॉ. तडवींनी ते ध्वनिमुद्रण एकदाच ऐकलं.

"आवाज कांचनताईंचा आहे. पण बोलतंय कोण, मॅडम?"

हेमलताबाईंनी सांगितलं. आपल्या कामाबद्दल त्या खोटं बोलत नसत, तेवढं त्यांच्या जमेला.

"पण मी केलं काय चुकीचं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "तिच्यासोबत ठाण्यात कोण बसलं? साक्षीच्या दिवशी कोण होतं? ही? हिनं तर..."

"तुम्ही होता. प्रत्येक वेळी तुम्हीच." डॉक्टर हळू बोलत होत्या. "म्हणूनच. ती आठवण ठाण्यात ओली झाली, इस्पितळात झाली, कोर्टात झाली, आणि दर वेळी तिच्यावर तुमचा आवाज उमटला. तुम्ही नसता तर ती उभी राहिली नसती, हे खरं. आणि तिच्या अंगाला आता तुमचं 'घाबरू नकोस' ऐकलं की वाटतं, आता ते पुन्हा येणार. हेही खरं. अंग न्याय करत नाही, मॅडम. ते नुसतं आठवतं."

कुणी चूक काढली असती तर बाईंनी उत्तर दिलं असतं. इथं तर चूकच नव्हती. पदरात श्रेय घालून वर वजाबाकी दाखवली होती.

"आता पुढे?" ऋजुतानंच विचारलं.

"आता काकूंचा मुद्रित आवाजही त्यात भिजलाय. तो वापरता येणार नाही. पोथी तुझ्याजवळ ठेव. उघडावीशी वाटली तर उघड, शेजारी ज्या आवाजानं बरं वाटेल तो असू दे. घाई नको."

घाई नको म्हणायला काय जातं. जून तोंडावर आला होता.

कांचननं बोलणं टाकलं. भांडली असती तर बरं होतं. तिनं एवढंच म्हटलं, "मी वाचत होती तशी वाचू दिलं असतं, ताई," आणि मागच्या अंगणाचं दार आपल्या बाजूनं ओढून घेतलं. दोन घरांमध्ये पहिल्यांदाच भिंत असल्यासारखी वाटू लागली. ऋजुता पुन्हा कडी लावू लागली. बाई घरात पावलं न वाजवता हिंडत. बोलायला तोंड उघडलं की आपलाच आवाज आपल्याला पारखा वाटे. त्या ताटात भाजी वाढत आणि बोटानं विचारत, अजून?

अशाच एका दुपारी ऋजुता स्वतःहून स्वयंपाकघरात आली. ताकाचा पेला घेऊन ओट्याला टेकली.

"आई, एक विचारू? तू काकूवर जळतेस ना?"

"मी?" हेमलताबाई म्हणाल्या. "मी कशाला जळू? मला काय कमी आहे?"

"जळतेस."

"ऋजुता, तिनं तुझं भलं केलं. मी तिची ऋणी आहे." हे वाक्य त्यांनी फार सुंदर म्हटलं, योग्य जागी थांबून.

ऋजुता ताक प्यायली नाही. नुसती बघत राहिली. आणि त्या बघण्यापुढे बाईंचं आयुष्यभराचं बसवलेलं काहीतरी सुटलं.

"रमते म्हणे माझ्याकडे! झोपेबाईला सांगत होती. रमायला काय झालं, तिला काय करायचं असतं? चार गप्पा हाणायच्या. मला येत नाहीत का गप्पा? मला वेळ होता का? आणि वाचते कशी ती, अगं मेलं रेशनच्या दुकानातला फलक वाचावा तशी. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंनी पुरणाचं विचारलं तर म्हणाली, ताईंनी शिकवलं नाही. मी शिकवलं नाही! आणि भरीत. सगळ्या गावाला कांचनचं भरीत. मिरच्या कुणी ठेचून दिल्या, हे विचारलं कधी कुणी?"

बोलताना त्यांचा आवाज पातळ, चिरका झाला होता. शब्द एकमेकांवर पडत होते. कुठं थांबावं याचा पत्ता नव्हता. असा आवाज ऋजुतानं ठाण्यात ऐकला नव्हता, कोर्टात नव्हता, कुठेच नव्हता.

ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून. बाई ओशाळून थांबल्या.

"थांबू नकोस," ऋजुता म्हणाली. ती आत गेली आणि पोथी घेऊन आली. ओट्याखाली फरशीवर पाय पसरून बसली, पट्टी बांधली. "बोल. पण माझ्याकडे बघू नकोस. आणि माझ्याबद्दल काही नको. काकूबद्दलच."

"ऋजुता, नको गं, पुन्हा जर..."

"मिरच्यांचं काय म्हणत होतीस?"

बाई ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मत्सराचा एक गुण आहे, त्याला साठा करावा लागत नाही. "मिरच्या," त्या म्हणाल्या, "दर वेळी माझ्या. आणि तेल? तेही माझंच. परत दिलं कधी? एक वाटी नेते ती, आणि परत आणते अर्धी..."

"काय म्हनता?" मागच्या दाराची कडी खाडकन निघाली. कांचन दारात, कमरेवर हात. "मी सगळं ऐकते हाय. अर्धी वाटी? अन् मागच्या दिवाळीले माहा सोऱ्या नेला तो? अजून तुमच्या फडताळात हाय."

"तो माझा सोऱ्या आहे. सासूबाईंनी मला दिला."

"तुम्हाले दिली ती पुरणाची चाळण. सोऱ्या मले."

"बघ, बघ, आता सासूबाईंचंही खोटं सांगते."

कांचनचं लक्ष खाली फरशीवर गेलं. उघडी पोथी दिसली, पट्टी दिसली, पट्टीचा हिरवा रंग दिसला. तिचं तोंड उघडं राहिलं. ऋजुतानं पानावरची नजर न काढता एक हात वर केला आणि बोटं फिरवली: चालू द्या.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"खोटं?" कांचन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र भांडणाचा, खणखणीत. "मी खोटं बोलते? मग तुमच्या लग्नातला तो जरीचा शालू सांगू का, कुनी पाटावर बसून खराब केला?"

"सांग. सांगच," हेमलताबाई म्हणाल्या, "माझ्याकडे तुझ्या रुखवताची गोष्ट आहे."

खाली, फरशीवर, पातळ पानाची सळसळ झाली. वाचता वाचता ऋजुता त्या बंद खोलीच्या दारातून बाहेर आली होती. बाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांनी पदर खोचला, आणि रुखवतातल्या लाडवांपासून सुरुवात केली.